मानेवरची सूज

३ नोव्हेंबर
कुंभारी गावापलीकडचा हा संशोधन-गोठा आवडला. मोकळा माळ, स्वच्छ खोली, दारात शेवगा. राखणदार महिपती आणि त्यांची बायको मुक्ताबाई यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. ‘पोट भरंल, पर फोन लागायचा न्हाय,’ महिपती हसले. काम साधं आहे. क्षय झालेल्या गायींशेजारी लस दिलेली वासरं ठेवायची. रोग पोचतो का पाहायचं. आधीचे डॉ. अनिलकुमार न सांगता निघून गेले म्हणे.

६ नोव्हेंबर
अनिलकुमारांनी महिपतींना क्षयाची चाचणी शिकवली आहे. मानेवरचे केस काढायचे, सुई टोचायची, तिसऱ्या दिवशी सूज मोजायची. सूज म्हणजे रोगच का, त्यांनी विचारलं. हो म्हटलं. लसीमुळेही सूज येते, हे समजावत बसले नाही.
मुक्ताबाई सारखी खोकते. थुंकी तपासायला सांगितलं. ‘चुलीचा धूर हाय त्यो,’ महिपती तुटकपणे म्हणाले.

९ नोव्हेंबर
वासरांपैकी एका कालवडीची मान सुजली. महिपती तिला चंद्री म्हणतात, मी नंबराने ओळखते. हिला रोग कुणी दिला, त्यांनी विचारलं. माणसाकडूनही जातो, मी म्हणाले. माणसाचं नक्की कसं कळतं, त्यांनी विचारलं. छाती उघडली की, असं मी गमतीने म्हटलं. ते हसले नाहीत.

१० नोव्हेंबर
दुपारी मुक्ताबाईने दिलेलं दूध पिऊन गाढ झोपले. उठले तर माझ्या मानेवरचे केस चौकोनी काढलेले. मधोमध सुईची खूण.
फाटकाला कुलूप. किल्ली सापडत नाही म्हणतात.

१२ नोव्हेंबर
कुत्र्यांनी गोठ्यामागचा, मेलेली जनावरं पुरायचा चुन्याचा खड्डा उकरला. आत अनिलकुमार. गळ्यात ओळखपत्र. बरगड्या करवतीने कापलेल्या, अगदी सरळ.
कुंपणावर चढले. महिपतीने पहारीने गुडघा फोडला. मला खोलीत आणून टाकलं, मग पहार धुऊन ठेवली.

१३ नोव्हेंबर
सूज वाढली. वाढणारच – मला लहानपणी क्षयाची लस दिलेली आहे. दाराला कॉट लावली. लसीचं ओरडून सांगितलं.
‘अनिलकुमार सायबबी हेच म्हनत हुते. त्यांचं आतनं निर्मळ निघालं. आता तुमचं बघू की, डाक्टरबाई.’
दारावर पहार. फळी फुटली –
फटीतून मुक्ताबाई दिसते. पदरावर रक्त. खोकते. रोग हिचा, असं तिचं नाव घेतलं तर मी –
ती मान हलवते. नको.

घेतलं.
पहार थांबली. किंकाळी. मग करवत –
खोकला बंद.

पावलं परत येतात. रडतोय. म्हणतोय, हिचंच हुतं, डाक्टरबाई, खरं बोललात – पर हिच्या हातचं तुमी रोज खाल्लंय –
कॉट सरक