ताशी चार पूर्णांक दोन

१२ मार्च २०२५, बुधवार. पहाटे ५.१०
पैनगंगा मोहीम सुरू. कॅडेट नऊ. कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, तीन, मी स्वतः बांधलेल्या, प्रत्येकी १४ फूट २ इंच. प्रशिक्षक एक, मी. शनिवारी दुपारी बाराला कमांडंट साहेब खालच्या पुलावर उभे राहणार. वेळेत पोचलो आणि कोणाला इजा नसली, तर मी मानद प्रशिक्षकाचा मुख्य प्रशिक्षक होणार. नाही तर यवतमाळचा डिप्लोमावाला येणार. मी दिग्रसला मोटार वाइंडिंग करता करता व्हिडिओ बघून शिकलो. फरक दिसेलच.
प्रवाहाचा वेग मोजून ठेवलाय. डावी चप्पल पाण्यात सोडून. शंभर मीटर, शहाऐंशी सेकंद. ताशी ४.२ किमी. वल्हं नाही मारलं तरी वेळेत.
संकल्प: इजा शून्य. आवाज चढवायचा नाही.

सकाळी ११.४०
चप्पल सप्टेंबरात सोडली होती. आज पाणी घोट्याएवढं. कॅडेट लखन इथल्याच बंजारा तांड्याचा. त्याने महिनाभर आधी सांगितलं होतं म्हणे. तोंडी सांगितलं. लेखी काही नाही.
कनू डोक्यावर.

संध्या. ५.३०
एक डोह सापडला. पुढे जायचा स्ट्रोक शिकवला: ताकद खांद्यातून नाही, कमरेतून. संघदीपने कमरेतून मारलेलं वल्हं बादलच्या नाकावर. बादलनेही शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं. सोडवायला गेलो तर दोन्ही वल्ही माझ्याच कानशिलात. कनू नं. २ खडकावर आपटून उभी चिरली.
आवाज चढला. बादलला घोळणा फुटायची सवय आहे, असं त्याच्याकडून वदवून घेतलं. कॅडेटना इजा शून्य. प्रशिक्षक कॅडेटमध्ये मोजत नाहीत.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी २
नदी संपल्यागत. ट्रेकिंग. पळसाच्या झुडपातून रानडुक्कर आलं. पोरं कनू नं. ३ टाकून पांगली. डुकराने तिला तीन धडका दिल्या, तिसऱ्या धडकेत आरपार. फायबर चार मिलीमीटर होतं. पुढे सहा घ्यायचं. मी बाभळीवरून परिस्थितीवर लक्ष ठेवलं. काटे सतरा निघाले, अठरावा बसताना जाणवतो.
पथकनायिका वर्षा म्हणाली, सर, उरलेली कनू ठेवा न इथंच, कायले वाहून राह्यलो आपण? म्हटलं, कनूशिवाय कनूमोहीम होत नाही. तिने कनू उचलली. पटलं असावं.
मुक्काम लखनच्या तांड्यावर. तांड्याचे प्रमुख हिरासिंग नाईकांनी मैदान दिलं. उद्या तांड्याची होळी. लखन येऊन म्हणाला, उद्या काही दिसलं तरी मधात येऊ नका. कॅडेटने प्रशिक्षकाला सूचना द्यायची नसते. तशी समज दिली.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ९.२०
बायकांचा घोळका, हातात काठ्या. मध्ये माझा कॅडेट खाली पडलेला, वरून काठ्या चालू. इजा शून्यचा प्रश्न. वल्हं घेऊन घुसलो.

दुपारी १. डाव्या हाताने लिहितोय.
फटके अकरापर्यंत मोजले. पुढचा आकडा खात्रीचा नाही.
सगळ्यात जास्त लखनच्या आजीने मारले. रामीबाई, वय सत्तरच्या पुढे, वजन चाळीस किलो असेल नसेल. पकड अचूक. ताकद कमरेतून. नऊ पोरांना दोन दिवसांत जमलं नाही ते.
मग हिरासिंग नाईकांनी समजावलं. वर्षात मुलगा झालेल्या घरी दोन खुंटांना गोडाचं भांडं बांधतात. पुरुषांनी ते लुटायचं, बायकांनी झोडपून राखायचं. काठी घेऊन आत आला तो मार मागतोच. लखनच्या पाठीला गोधडी बांधली होती. त्याला ओरखडा नाही. तो हसत होता. अजून हसतोय.
रामीबाई वाटीत गूळ-शेवया घेऊन आली. शेजारी बसून माझ्या घोट्याला हळद लावली. म्हणाली, “मास्तर, भांडं घ्यायले आलते त घेऊन तरी जायचं होतं. मार त पुरा खाल्ला.”
उजवा घोटा, डाव्या बरगड्या, उजवा हात. पुलापर्यंत नऊ किलोमीटर. उद्या चालणारच.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ९.४०
उभा राहिलो. दोन सेकंद.
वर्षाने मला विचारलं नाही. कनू नं. १ आणायला सांगितली, आत गोधड्या टाकल्या, वर मला टाकलं. आठ खांदे. ती पुढे.

दुपारी १२.३०
११.५२ ला पुलावर. कमांडंट साहेबांनी कनूत वाकून पाहिलं आणि माझ्याशी न बोलता फॉर्म भरला. मोहीम वेळेत. कॅडेटना इजा शून्य. नेतृत्व: वर्षा. मी कुठल्या रकान्यात, म्हणून मान उचलून पाहिलं. साहित्य: कनू एक, प्रशिक्षक एक. दोन्ही दुरुस्तीस पात्र.
डिप्लोमावाला सोमवारी रुजू होतोय.
एक नोंद राहिली. वाटेत वर्षाला पावलं मोजायला लावून मी घड्याळ लावलं होतं. शंभर मीटर, शहाऐंशी सेकंद.
माझं माप चुकलेलं नव्हतं.