पाचव्या क्रमांकाचा अर्ज

सोमवार, ४ मार्च
आजपासून प्रभारी व्यवस्थापक. बावीस वर्षं इस्त्रीच्या मशीनवर काढली, आता काचेची केबिन. आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. तीन हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. मालकीणबाई म्हणाल्या, तीन महिने बघते, मग कायमचं ठरवू. मला दोन दिवसांच्या शिबिरालाही पाठवलं. विषय : नेतृत्वाची उपस्थिती आणि दबावाखाली आत्मविश्वास. कानाला माइक लावलेल्या सरांनी तीन गोष्टी सांगितल्या. पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवून उभं राहा. कोणी काही विचारलं की तीन सेकंद थांबा, मग बोला. नियम सगळ्यांना सारखा, आणि सुरुवात घरापासून.
निश्चय : तिन्ही आजपासूनच.

मंगळवार, ५ मार्च
बॉयलरवाल्या काकांनी विचारलं, वाफ वाढवू का. मी तीन सेकंद थांबलो. काकांनी विचारलं, बरं वाटत नाही का, पाणी आणू? लोकांना सवय नाही. होईल.
पायांत अंतर ठेवून उभा होतो तर ओल्या चादरींची ढकलगाडी अडली. मागे चार जणांची रांग. सरकलो नाही. मग सरकलो.
आमची ही घडीच्या टेबलावर असते, सोळा वर्षं झाली. तिने लांबून पाहिलं आणि तोंडावर अभ्रा धरला. हसत होती. घरी तिला समजावलं की कामावर इतरांसारखं मला सर म्हणायचं. ती म्हणाली, बरं.

गुरुवार, ७ मार्च
नवीन शिस्त. घडीच्या टेबलावर फोन नाहीत, सगळे कपाटात. तातडीचं असेल तर केबिनमधल्या फोनवर. कुरकुर झाली. हिने सगळ्यांत आधी फोन काढून ठेवला, तेव्हा बाकीच्यांनी ठेवले. माझा वचक बसतोय.

रविवार, १० मार्च
मेहुण्याचा फोन. सासरे अंथरुणाला खिळलेत. छातीत पाणी झालंय, डॉक्टर फारसं बोलत नाहीत. ही भाजी चिरता चिरता म्हणाली, उद्या निघते, आठ दिवस राहून येते. सहा तासांची बस आहे.
तीन सेकंद थांबलो. मग सांगितलं, घर वेगळं, काम वेगळं. उद्या फॉर्म भर. ती सुरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. प्रभाव पडला असं वाटतं.

सोमवार, ११ मार्च
अर्ज आला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द : वडील.
टेबलावरून एका वेळी एकीनेच रजेवर जायचं, हा नियम जुना आहे, मी काढलेला नाही. हिच्या आधी ट्रेमध्ये चार अर्ज. घर बदलणे, अक्कलदाढ, भाचीचं लग्न, आणि चौथा नुसताच 'वैयक्तिक'. हिचा पाचवा. हिशेब केला, २६ तारखेला नंबर येतो. मंगळवार. फार लांब नाही. आता कोणी म्हणून दाखवावं, की साहेबांनी बायकोला पुढे घुसवली.
दुपारी ट्रेमधला तो अर्ज तीनदा काढून बघितला. हिशेब बरोबर आहे.

बुधवार, १३ मार्च
चौघी केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, आमच्या रजा मागे ढकला, तिला आधी सोडा. अक्कलदाढवालीचा गाल टम्म सुजलेला, तरी म्हणे, माझी दाढ कुठे पळून चाललीय?
दबाव म्हणतात तो हाच. पाय नीट ठेवले, आवाज खाली आणला आणि सांगितलं, क्रम म्हणजे क्रम. आज तुमच्या सांगण्यावरून वाकवला, तर उद्या कोणीही वाकवेल. जाताना दार कोणी लावलं नाही. मला उठून लावावं लागलं. तरी आजचा दिवस माझा.
घरी हिने ताट मांडलं आणि म्हणाली, सर, जेवून घ्या. थट्टा असणार म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

शनिवार, १६ मार्च
बॉयलरवाले काका गाठून बोलले. म्हणाले, अहो, रजा नाही तर नाही, पोरीला सांगा तशीच निघून जा म्हणून. चार दिवस आम्ही बघून घेतो. काका हिला पोरगी म्हणतात, ती कामाला लागली त्या दिवसापासून. मी म्हणालो, तिला कोणी धरून ठेवलेलं नाही.
घरी हिलाही तेच सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, न सांगता गेले तर सगळे म्हणतील, ह्यांचं घरातच कोणी ऐकत नाही. तुमचे तीन महिने पाण्यात जातील. मंगळवारच ना, जाईन मंगळवारी.
समजूतदार आहे. मी शिबिरात जे शिकलो ते हिला न जाताच कळतं.
निश्चय : २६ ला स्वतः बसवर सोडायला जायचं. सासऱ्यांसाठी लोकरीचे मोजे घ्यायचे.

मंगळवार, १९ मार्च
मेहुण्याचा फोन. सासरे अधूनमधून हिचं नाव घेतात. ही फोनवर त्यांच्याशी बोलली. कमी ऐकू येतं म्हणून ओरडून बोलावं लागतं. मंगळवारी येते, मंगळवारी, असं पाच-सहा वेळा ओरडली. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती.
मोजे घ्यायचे राहिले. दुकान लवकर बंद होतं.

गुरुवार, २१ मार्च, दुपारी ३
अकरा वाजता केबिनमधला फोन वाजला. मेहुणा. पाच मिनिटांपूर्वी गेले म्हणाला. तुम्हीच सांगा तिला, म्हणाला.
घडीच्या टेबलापर्यंत गेलो. ही आणि अक्कलदाढवाली समोरासमोर उभ्या, मध्ये चादर ताणलेली. मी नीट उभा राहिलो. तीन सेकंद गेले. मग आणखी बरेच गेले. ते शिबिरातलं थांबणं नव्हतं. हिने माझ्या तोंडाकडे बघितलं. पुढे चालत जाऊन चादरीची टोकं जुळवली, घडी गठ्ठ्यावर ठेवली आणि विचारलं, कधी? मी म्हणालो, आत्ता.
तिने हात धुतले. कपाटातून फोन आणि पिशवी घेतली. मी म्हणालो, मीही येतो. ती म्हणाली, तुम्ही थांबा, तुमचं काम आहे. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.
काकांनी मला न विचारता बॉयलर बंद केला आणि तिला बसवर सोडायला गेले. अडीच तास सगळी मशीनं थंड. काकांना लेखी समज द्यायला हवी होती. दिली नाही. नेत्याने लवचीकही असावं लागतं.
हिच्या अर्जावर सही केली. मंजूर. आजची तारीख घातली.

रविवार, २४ मार्च
काल सासुरवाडीला जाऊन आलो. घरात माणसं. ही आईजवळ बसलेली. मला बघून उठली, पाणी दिलं, चहा केला, बशीत बिस्किटं ठेवली. पाहुण्याला ठेवतात तशी, चार.
मेहुणा अंगणात घेऊन गेला. मला वाटलं भांडेल. मी दोन वाक्यं तयार ठेवली होती. तो भांडला नाही. त्याने सांगितलं, शेवटच्या आठवड्यात मी तिला घेऊन येतो म्हणून गाडी ठरवली होती. बाबांनी अडवलं. म्हणाले, जावई आता साहेब झालेत, शंभर माणसं हाताखाली आहेत, तिच्यापायी त्यांना चारचौघांत खाली बघायला नको. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते म्हणे, आमचे जावई साहेब झाले.
शंभर नाहीत. अडतीस आहेत.
मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पाय कसे ठेवले होते आठवत नाही. मेहुण्याने पाठीवर हात ठेवला, तो मला नको होता.
निघताना ही दारापर्यंत आली. मला म्हणायचं होतं, माझं चुकलं. म्हणालो, येताना बसला फार गर्दी होती. ती म्हणाली, हो का. कधी येशील विचारलं. म्हणाली, बघते.

बुधवार, ३ एप्रिल
ट्रे रिकामा. दहा दिवसांत एकही अर्ज नाही. शिस्त लागली असं लिहिणार होतो.
खरं लिहितो, ही वही कोण वाचतंय. सही करायला किती वेळ लागतो? पेन उघडायचं, नाव लिहायचं, पेन बंद करायचं. पहिल्या दिवशीच करता आली असती. चौघी स्वतःहून सांगायला आल्या होत्या. मी भ्यालो होतो. लोक हसतील म्हणून भ्यालो, आणि त्या भिण्याला शिबिरातली नावं देत बसलो. ज्या बाईने माझी लाज राखायला बापाचं तोंड बघितलं नाही, तिला मी पाचवा नंबर दिला.
माझ्या हातून फार वाईट झालंय. आज जेवलो नाही. निश्चय काही नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल, दुपारी ३
मालकीणबाईंनी बोलावलं. तीन महिने व्हायचेत, पण म्हणाल्या, मला काय बघायचं ते बघून झालं. बायकोलासुद्धा सूट दिली नाही हे त्यांच्या कानावर गेलंय. अशीच माणसं हवीत म्हणाल्या. हातात पत्र दिलं. कायम.
केबिनमध्ये येऊन पत्र दोनदा वाचलं. हिला सांगावं वाटलं. म्हणजे पत्राचं नव्हे. पत्र हा बहाणा, पण त्या निमित्ताने फोन तरी लावता येईल, आणि मग ते दुसरं बोलता येईल. वाक्य कागदावर लिहून घेतलं. माझं चुकलं, घरी ये, नाहीतर मी तिकडे येतो.
हिचा नंबर लावला. मेहुण्याने उचलला. म्हणाला, ताई झोपलीय.
मागे हिचा आवाज येत होता. आईला सांगत होती, कुठली गोळी सकाळची आणि कुठली जेवणानंतरची. एकदा सांगितलं, परत सावकाश सांगितलं. मी ऐकत राहिलो. मेहुण्याने फोन ठेवला नाही.
मी म्हणालो, झोपू दे तिला.