ट्रकचे नाक आणि वाळूची सहा पोती

मी, लॅना जीन कुबिचेक, वय पंचवीस, राहणार डोलन क्रॉसिंग, नेब्रास्का, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या इच्छेने लिहून ठेवत आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. मनावर कोणा माणसाचे दडपण नाही. भीती आहे, पण ती एका स्प्रिंगची आहे. त्या भीतीचा माझ्या डोक्यावर परिणाम झालेला नाही याची खात्री करण्यासाठी मी आत्ताच राज्यातल्या सगळ्या त्र्याण्णव परगण्यांची नावे म्हणून पाहिली. एक्क्याण्णव आठवली. एवढ्यावर चालावे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घरात कोणीच केलेले नाही, आणि त्याचे काय झाले ते कलम ५ मध्ये येईल.

आता कारण. उद्या, शनिवारी सकाळी, मी माझ्या पिकअप ट्रकच्या पुढच्या दोन्ही चाकांचे शॉक अॅब्सॉर्बर बदलणार आहे. ट्रक पुढून खाली झुकलेला आहे. कारखान्यातून तो तसाच येतो, मागे माल भरला की सरळ व्हावा म्हणून. पण आमच्या गावात हे कोणी ऐकून घेत नाही. धान्याच्या कोठारापाशी सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळीत शेजारचे गेलन होलासेक रोज माझ्या बाबांना विचारतात, "काय रे ड्वेन, तुझा ट्रक खाली वाकून काय शोधतोय? किल्ली पडली का?" दोन वर्षे हा एकच विनोद चालू आहे. मंडळी दोन वर्षे हसत आहेत.

नव्या शॉकवर चार खाचा आहेत. स्प्रिंगखालची कडी जितक्या वरच्या खाचेत बसवावी तितके ट्रकचे नाक वर येते. पण जुना शॉक काढायचा तर आधी स्प्रिंग यंत्रात घट्ट दाबून धरावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती वाटेत कोण उभे आहे हे पाहत नाही. सोबत आलेले अकरा पानांचे माहितीपत्रक मी तीनदा वाचले. त्यात 'मृत्यू' हा शब्द नऊ वेळा आला आहे. मी ते बाबांना दाखवले.

"ते वकिलांनी लिहिलंय," बाबा म्हणाले. "मेकॅनिकने लिहिलं असतं तर एकदाच लिहिलं असतं."

काम बाबा स्वतःच करणार होते. फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले. तो हात अजून कॉफीच्या कपापलीकडे काही उचलत नाही. "एका हाताने होतं," असे ते तीन दिवस म्हणत राहिले. या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे औषधाच्या बाटल्या, विम्याची पत्रे, कराचे फॉर्म, सगळ्यांचे सगळे मीच वाचते. शेवटी मी म्हणाले, "हे कोणी वाचलंय? मी. मग करणार कोण? मी." बाबांनी माहितीपत्रक माझ्या हातात परत दिले. ते इतक्या लवकर ऐकतील असे मला वाटले नव्हते, आणि आता माघार घेता येत नाही.

कलम १. बँकेतली माझी सगळी शिल्लक माझी आई कॅरल हिला मिळावी. तिने ती स्वतःच्या दातांवर खर्च करावी. बाबांनी ट्रकसाठी मागितल्यास देऊ नये.

कलम २. माझी पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. त्यातले एक पुस्तक वाचनालयाचेच आहे, सातवीपासून माझ्याकडे राहिलेले. ते सर्वांत वर ठेवून माझ्या वतीने माफी मागावी.

कलम ३. शेडमधली हत्यारे आजोबांची आहेत, ती बाबांकडेच राहावीत. स्प्रिंग दाबायचे यंत्र मात्र आमचे नाही. गेलनकाका त्यांचे देत होते. बाबाही म्हणाले, "आहे ना शेजारी, कशाला उगाच?" पण १९९८ साली जे झाले (तेही कलम ५ मध्ये येईल) ते त्यांच्या याच यंत्रावर झाले, म्हणून मी साठ मैलांवरच्या दुकानातून जाळीचा पिंजरा असलेले यंत्र आणले आहे. ते सोमवारी बाराच्या आत परत करायचे आहे. मी असो वा नसो. परत करताना पुसून द्यावे.

गेलनकाकांना याचा राग आला आहे. "त्या वेळी चूक यंत्राची नव्हती, तुझ्या आजोबाची होती," ते म्हणाले.

"असेल काका. पण आजोबा आता नाहीत, यंत्र आहे."

कलम ४. काम अर्धवट राहून दुसऱ्या कोणी पुरे केले, तर त्याने हेडलाइट खाली करायला विसरू नये. नाक वर गेले की दिवेही वर जातात आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतात. शेडच्या दारावर मी खडूने रेघ मारून ठेवली आहे, उजेड तिच्या खाली पडला पाहिजे. गेलनकाकांनी त्यांचा ट्रक सहा वर्षांपूर्वी समतल केला आणि दिवे तसेच ठेवले. त्यामुळे मी एकदा खड्ड्यात गेले आहे आणि दोनदा जाता जाता राहिले आहे. मी त्यांना माफ करते. पण दिवे खाली करावेत.

कलम ५. ट्रक. याच्यासाठीच खरे तर हा कागद आहे.

ट्रक आजोबांचा, एमिल कुबिचेक यांचा. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ते दवाखान्यात वारले. जाण्याआधी "ट्रक लॅनाला" एवढेच म्हणाले. ऐकायला एक नर्स होती. कागद नव्हता.

व्हर्नाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिला वाटत होते की ट्रक तिचा. तिचे म्हणणे चुकीचे आहे असे मला कधीच ठामपणे म्हणता आले नाही. १९९८ मध्ये आजोबा याच शेडमध्ये जुन्या ट्रकची स्प्रिंग दाबत होते. आत्याने दारातून हाक मारली, "जेवायला चला!" आजोबा बाजूला वळले, आणि त्याच क्षणी स्प्रिंग सुटून ते उभे होते तिथून वर गेली. शेडच्या पत्र्याला पडलेला पोचा अजून आहे. आजोबा पुढे पंचवीस वर्षे जगले आणि दर ख्रिसमसला ही गोष्ट सांगत राहिले.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे खायला बसले होते. आत्या बाबांना म्हणाली, "ज्या बाईने त्यांना पंचवीस वर्षं दिली तिच्या वाट्याला काय? हा खसखशीचा कोलाचे?"

बाबा म्हणाले, "अक्का, तू त्यांना जेवायला बोलावलंस. देवदूत नव्हतीस तू."

आत्याने तो गोड पाव ताटात परत ठेवला आणि निघून गेली. तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. रविवारी चर्चमध्ये ती डावीकडे बसते, बाबा उजवीकडे, आणि मी मधे, दोघांना निरोप सांगायला. उद्या मी गेले आणि कागद नसला, तर हा ट्रक पुन्हा त्या दोघांच्या मधे येऊन उभा राहील, आणि मधे बसायला मीही नसेन. एवढे मला होऊ द्यायचे नाही. पण ट्रक एक आहे आणि माणसे दोन. इथे मी दुपारपासून अडले आहे.

कलम ६. ट्रकमधील वस्तूंची यादी. ट्रक द्यायचा तर त्यात काय काय आहे तेही लिहायला हवे, म्हणून मी शेडमध्ये जाऊन आले. पुढे: एक हातमोजा, डावा. गेल्या साली संपलेले एक कूपन. मागच्या उघड्या हौद्यात, ताडपत्रीखाली: वाळूची सहा पोती.

इथे माझ्या हातातले पेन थांबले. नोव्हेंबरात आमच्याकडे सगळेच मागच्या चाकांवर वाळूची पोती टाकतात, बर्फात चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून, आणि मार्चमध्ये काढतात. आज एप्रिलची सतरा तारीख आहे. ट्रक किती झुकलाय ते मी सोमवारी मोजले होते, चारही चाकांवर, प्रत्येकी तीनदा. दीड इंच. त्यावरून दुसरी खाच ठरवली. ताडपत्री एकदाही उचलली नाही.

मी पुन्हा शेडमध्ये गेले. बाबा दारात उभे होते.

"बाबा, पोती अजून आत आहेत."

"हं."

"मग माप चुकलं. ही काढली की मागची बाजू वर येणार, नाक अजून खाली. दुसरी खाच पुरणार नाही, चौथी लागेल. म्हणजे स्प्रिंग अजून दाबायची."

"मग काढू नकोस."

"मार्च संपला, बाबा. सगळ्यांनी काढली."

"मागच्या वर्षीही सगळ्यांनी काढली होती." त्यांनी ताडपत्रीचे टोक नीट केले. प्रत्येक पोत्यावर काळ्या शाईने, आजोबांच्या अक्षरात, 'एमिल' असे लिहिले आहे. "जायच्या आधी दोन महिने भरली त्यांनी. छातीची गोळी जिभेखाली ठेवून. मला हात लावू दिला नाही. म्हणाले, तू वाकडी ठेवतोस." बाबांनी ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. "दोनदा काढायला आलो गं. झाकून परत गेलो."

याची नोंद मी यासाठी करते की त्यामुळे पुढचे कलम सुचले.

कलम ७. माझा ट्रक माझे वडील ड्वेन कुबिचेक यांना मिळावा. ट्रकमधली वाळूची सहाही पोती माझी आत्या व्हर्ना हिला मिळावीत. पोती ट्रकमधून कधीही काढू नयेत. ट्रक पोत्यांशिवाय कधीही चालवू नये. नवे शॉक या पोत्यांच्या वजनावरच बसवलेले असतील. पोती गेली की नाक पुन्हा खाली जाईल आणि गेलनकाका पुन्हा किल्ली शोधू लागतील. म्हणजे बाबांना कुठे जायचे तर आत्याची पोती सोबत, आणि आत्याला आपली पोती पाहायची तर बाबांचे दार वाजवावे लागेल. दोघांपैकी कोणीही एक पोते जरी हलवले, तर ट्रक गावच्या अग्निशमन दलाला द्यावा. ते त्याला पिवळा रंग लावतील, हे दोघांनी ध्यानात ठेवावे.

साक्षीदार. (इथून पुढचे शनिवारी सकाळी लिहिले.) ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे मी वाचले आहे. म्हणून ज्यांना काहीच दिले नाही अशा दोघांना आज, शनिवारी, सकाळी आठला शेडमध्ये बोलावले. पोस्टातून निवृत्त झालेल्या ओपलबाईंनी लगेच सही केली. गेलनकाकांनी आधी सगळे वाचले.

"मला काहीच नाही?"

"काका, काही दिलं तर तुमची साक्ष चालत नाही."

"एखादा पाना तरी?"

"नाही चालत."

"आणि माझे दिवे मात्र कायमचे कागदावर?"

"दिवे कलम ४ मध्ये आहेत. माफही केलंय तिथेच."

त्यांनी बाबांकडे पाहिले. बाबा पत्र्यावरचा पोचा बघत होते. "आण इकडे पेन," गेलनकाका म्हणाले. "आणि व्हर्नाला हे कोण सांगणार? की मीच सांगू?"

सांगू नका, असे मी स्पष्ट सांगितले. माणूस जिवंत असेपर्यंत त्याचे मृत्युपत्र गुप्त असते.

सही: लॅना जीन कुबिचेक
ठिकाण: कुबिचेक यांची शेड, डोलन क्रॉसिंग, नेब्रास्का
दिनांक: १८ एप्रिल २०२६, शनिवार, सकाळी आठ वाजून वीस मिनिटे

आमच्यादेखत तिने सही केली, तिच्यादेखत आणि एकमेकांदेखत आम्ही केली:
१. ओपल डिट्रिक
२. गेलन होलासेक

सही झाल्यावर खाली काही लिहायचं नसतं असं पोरगी ओरडून गेली, पण दुसरा साक्षीदार मी आहे आणि जे पाहिलं ते लिहिणार. बारा वाजता दुसरी स्प्रिंग यंत्रात दाबलेली होती. मी फोन केल्यामुळे व्हर्ना आपली पोती बघायला आली होती. दारात उभी राहून तिने सवयीने हाक मारली, "जेवायला चला!" त्याबरोबर लॅना, ड्वेन, ओपल आणि मी, चौघेही उडी मारून बाजूला झालो. स्प्रिंग जागची हलली नाही. व्हर्ना इतकी हसली की तिला पोत्यांवर बसावं लागलं. "बघ, पोती वाकडी झाली," ड्वेन म्हणाला. "माझी आहेत, मी कशीही बसेन," ती म्हणाली. काम पुरं झालं. ट्रक पुढून मागून एका रेषेत आहे, मी स्वतः मोजलं. आता सगळे जेवायला गेलेत. मी दिवे खाली करून येतो. माझ्या ट्रकचे. — गे. हो.