उबेपुरते नर

ऑरिन,

पहाटे पोस्टातून फोन आला, "बाई, तुमचं खोकं केकाटतंय, आधी घेऊन जा." कोंबडीची पिल्लं मागवलीस तू आणि मासे धरायला तळ्यावर गेलास. शेवटी मीच जाऊन आणली.

खोकं उघडलं. तळाशी काही मेलेली, त्यांच्यावर बाकीची उभी. तुझ्या माद्यांच्या डोक्यावर लाल ठिपका आहे. बाकी सगळे नर, वाटेत माद्यांना ऊब मिळावी म्हणून अंडी उबवणाऱ्या हॅचरीवाल्यांनी फुकट कोंबलेले. त्यांचं काय करू विचारलं, तर फोनवर म्हणालास, "ते नुसतं पॅकिंग गं. बादलीत बुडव." आणि वर हसलास. शी!

माद्या गॅरेजमध्ये दिव्याखाली आहेत. एकेकीची चोच बुडवून पाणी दाखवलंय. त्यांच्या ढुंगणाला शी चिकटून वाळते. ती कोमट पाण्याने पुसली नाही, तर मरतात. ते तू करायचंस. आपल्या आईचं मी पुसत असताना तू दारातूनच नाक धरून पळायचास. आता शीक.

बादली धुऊन पालथी घातलीय. नर माझ्या गाडीत आहेत, हीटर लावून.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तूच "ये" म्हणालास, म्हणून मी डुलुथ शहरातली नोकरी सोडून आले. आणि तिला पुरून घरी आलो, तर कोटसुद्धा न काढता विचारलंस, "वेल्डा, आता तुझं काय ठरलंय?"

ठरलं.

वेल्डा