बीजेची दशी

१५ नोव्हेंबर
पोहोचले दिल्लीला! मुनिरकाच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीबाहेर वायरींचं जंजाळ, आणि खोलीतली जोडीदारीण चक्क मराठी. केतकी इथेच आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. मी जिंतूरची म्हटल्यावर म्हणाली, अच्छा, ते कुठे आलं यार? आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि सोमवारपासून जुन्या कपड्यांच्या पुनर्वापराचं काम करणाऱ्या संस्थेत नोकरी! वर्षभर एकही नवा कपडा घ्यायचा नाही असं ठरवलंय. लोकांना सांगायचं, तर आधी स्वतः करायला हवं.

१६ नोव्हेंबर
केतकीने सरोजिनी नगरला नेलं. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, कपडा उपसायचा, शिवण उलटून बघायची, काखेचा वास घ्यायचा. फार मजा आली. अगदी तळाशी विटकरी रंगाचा लांब लोकरी कोट सापडला, कॉलरच्या आत धाग्याने भरलेलं नाव, चंद्रप्रभा. बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या. विकणारी बाई हसली, ये तो किसी लंबी मेमसाब का है, आप तो इसमें गुड़िया लग रही हो. केतकी म्हणाली, कुणाच्या तरी मामीचा पळवून आणलेला वाटतोय. तरी घेतलाच.

२२ नोव्हेंबर
आज बीज, अमावास्येनंतरची द्वितीया. आई दर बीजेला अंगावरच्या जुन्या कपड्याचा एक धागा काढते, त्याला दशी म्हणतात. तो चंद्राला वाहते आणि म्हणते, जुनं घे, नवं दे. घरची फार आठवण आली म्हणून संध्याकाळी गच्चीवर गेले. धुरक्यातून चंद्र नखाएवढा दिसला. अंगावर कोटच होता. त्याच्या अस्तराचा धागा ओढला, आईसारखंच म्हटलं आणि फुंकून दिला. केतकीला हसू आवरेना. म्हणाली, हेमांगी, चंद्र एक्सचेंज ऑफर चालवतो का गं?

२५ नोव्हेंबर
कोटाच्या बाह्या आता बरोबर मनगटाशी थांबतात. केतकी म्हणाली, आटला असेल. पण तो अजून धुतलाच नाही. शिवाय माझ्या कुडत्यांच्या बाह्याही आखूड झाल्यात, चपलेबाहेर टाच येते. ऑफिसातल्या हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. थंडीत होतं असं, म्हणाले सगळे. दिवसभर नुसती उठबस. एका जागी बसवत नाही.

२७ नोव्हेंबर
आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, सर्दी झालीय का, आवाज असा का येतोय. मग कोटाचं पुन्हा सांगायला लावलं. म्हणाली, अगं वेडे, दशी आपल्याच अंगावर जुन्या झालेल्या कापडाची काढतात. तो कोट दुसरीच्या अंगावर जुना झालाय. मागणं तिच्या नावाने गेलं. नवं तिला मिळणार.
त्या कोटात नवं काय आहे? मीच.
उद्याच्या उद्या परत देऊन ये, म्हणाली.

२८ नोव्हेंबर
सरोजिनीत त्या बाईने कोट ओळखला. मला नाही. म्हणाली, ये तो मैंने एक छोटी-सी लड़की को दिया था, आपके पास कैसे आया? परत घेईना. ढिगावर टाकून पळत सुटले.
कोट गेला. हात तेवढेच लांब.

३० नोव्हेंबर
गुडघ्यावरचा व्रण नाही. सायकलवरून पडले होते तेव्हाचा — कुठे गेला?
कानापाशी केस पांढरे.
दूध घेऊन वर आले, तर केतकी दारात उभी. म्हणाली, हेमांगी बाहर गई है आंटी, आप बैठिए ना. माझ्याच खाटेवर बसवलं. पाणी दिलं. मी सांगत होते — तिला काहीच —

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
आईचा व्हिडिओ कॉल. आई ओळखेल. आई तरी —
तिने पदर सारखा केला. ताई, आमची हेमांगी कुठंय हो? तिचा फोन तुमच्याकडे कसा?
म्हणायचं होतं, आई, मीच गं. तोंडातून निघालं — काळजी करू नका, ती सुखरूप आहे.
आईला बरं वाटलं. हसली. फोन ठेवला.
परत लावायला हवा. नंबर —
गल्लीतून कुणीतरी हाक मारतंय. चंद्रप्रभा. चंद्रप्रभा.
हे माझं नाव नाही. पण मान वळली.
ओ द्यायची नाही. मी हेमांगी, ओ द्यायची नाही, ओ द्या