गोवराचा वॉर्ड

आईस लांबूनच नमस्कार.

कॉलऱ्याचा शेवटचा पेशंट काल घरी गेला. मोठ्या सिस्टरनी स्वतः खाटा मोजून सांगितलं. त्या खाटांना मधोमध भोक असतं, खाली बादली ठेवायला. आज सुतार त्यांवर फळ्या ठोकतोय, कारण गोवराची मुलं आली आहेत. "खिळे अर्धेच मारतो, डॉक्टरबाई. पुन्हा काढायचेच आहेत," म्हणाला.

लहानपणी गोवर मला आला होता, की दादाला? येऊन गेला असेल त्यालाच इथे ठेवतील, नाहीतर घरी पाठवतील. आम्ही डॉक्टर दोघंच, आणि दुसऱ्याला आलेला नाही. मी घरी यावं म्हणून 'नाही' लिहू नकोस हं.

जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

टपाल शनिवारी येतं. तोवर सिस्टरनी यादीत माझ्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे.

तुझी,
धाकटी