आठव्या भागाचा शेवट

प्रिय शमा,

आजवर तुला जे काही लिहिलं ते जवळजवळ सगळं ग्रुपवर, सगळ्यांसमोर. पत्र हे पहिलंच. तुला वाचायचा केवढा कंटाळा! "बाई, बोलून पाठवा की, माझं हात कामात हायती," असं दर दोन दिवसांनी म्हणायचीस. पण हे बोलून पाठवण्यासारखं नाही, आणि पाठवू तरी कुठं?

काल मी वडूजला तुमच्या दुकानात जाऊन आले आणि तिथं चक्क खोटं बोलून आले. पस्तीस वर्षं पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं, आणि म्हातारपणी स्वतःच ही करामत केली. ज्यांच्याशी खोटं बोलले त्यांना हे सांगता येत नाही. ग्रुपवर सांगितलं तर तासाभरात सगळीकडे होईल. राहिलीस तू. म्हणून लिहायला बसले.

आपल्या 'काय बघू?' ग्रुपवर तू कुणाच्या ओळखीनं आलीस, आठवतं का गं? मला नाही आठवत. ग्रुप मी काढला तेव्हा आम्ही सगळ्या सांगलीच्या निवृत्त मास्तरणी होतो. मग कुणाची नणंद आली, कुणाचा मेहुणा आला, आणि एक दिवस तुझा आवाज आला. "सलाम. मी वडूजची शमा. मी ब्लाऊज शिवते. मला असा पिक्चर सांगा, जो बघायला लागणार न्हाई. नुसता ऐकला तरी कळंल असा."

सगळे हसले. मी मात्र बाई पडले! मी लिहिलं, "पिक्चर बघायचा असतो, ऐकायचा असेल तर रेडिओ लावावा." तू काही रागावली नाहीस. आठवडाभरानं मी डोक्यावर घेतलेल्या एका सिनेमाबद्दल तुझा निकाल आला. "बाई, मशीन एकदा बी थांबलं न्हाई. दोन ब्लाऊज आणि एक परकर शिवून झाला." मला असा राग आला म्हणून सांगू! दोन दिवस मी तुला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मेथीची जुडी घेऊन बसले, टीव्हीकडं पाठ केली आणि तोच सिनेमा नुसता ऐकला. सगळी जुडी निवडून झाली तरी माझा हात कुठं थांबला नाही. बोलणं सगळं पोकळ होतं आणि मी चित्रांना भुलले होते.

तेव्हापासून ग्रुपवर तारे-बिरे कुणी देईना. मशीन किती वेळा थांबलं, तेवढंच विचारायचे. महाबळेश्वरचा आपला तानाजी, पर्यटक पॉइंट बघून येईपर्यंत टॅक्सीत बसून पिक्चर बघणारा, तोसुद्धा लिहायचा, "भाभी, तुमचं मशीन चारदा थांबंल, लिहून घ्या." त्याच्याकडं मशीन कुठलं!

नियम मात्र माझे होते. पूर्ण बघितल्याशिवाय सुचवायचं नाही. घरातल्या सगळ्यांसमोर लावता येईल का, ते आधी सांगायचं. आणि तिसरा, सगळ्यात कडक: शेवट कुणाला, काहीही झालं तरी, सांगायचा नाही. तानाजीनं एकदा खुनी कोण ते लिहून टाकलं, तर मी त्याला आठ दिवस ग्रुपबाहेर काढलं. तू त्याच्यासाठी रदबदली केलीस. "आवं बाई, घ्या की त्याला आत. धुक्यात एकटाच बसलाय बिचारा, बोलणार कुणाशी?" मी ऐकलं नाही. मोजून आठ दिवसांनीच घेतला. तू म्हणालीस, "बाई, तुमी लय कडक." आणि मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे आता कबूल करते.

ती घाटातल्या टपरीची मालिका मीच सुचवली होती. खास तुझ्यासाठी शोधलेली, हिंदीतून ऐकता येणारी. एक म्हातारा आणि म्हातारी घाटात चहाची टपरी चालवतात. एका सकाळी दाट धुक्यात म्हातारी पाणी आणायला जाते ती परतच येत नाही. म्हातारा टपरी बंद करतो आणि गावोगाव तिला शोधत फिरतो. आठ भाग. पहिला भाग झाल्यावर तुझा आवाज आला, "बाई, मशीन थांबायचं सोडा, सुरूच झालं न्हाई! आमचं ह्येनी बी कात्री ठिवून येऊन बसलेत."

दस्तगीरभाईंनी कापायचं आणि तू शिवायचं, असा तुमचा संसार. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा दोघं मिळून एक भाग बघायचा असं तुम्ही ठरवलंत. मी म्हटलं, एका दमात बघून टाका, आजकाल सगळे तसंच बघतात. तर म्हणालीस, "न्हाई बाई. पुरवून पुरवून खायचं." सात शुक्रवार तुझं सांगणं ऐकत होते मी. म्हातारा कुठल्या गावात पोचला, कुणी त्याला भाकरी दिली, कुणी हाकलला. मी आधीच सगळं बघितलेलं, तरी तुझ्या तोंडून नवं वाटायचं.

मग आठवा शुक्रवार गेला. नववा गेला. मी विचारलं, "शमा, आठवा भाग?" तू म्हणालीस, "लग्नसराई हाय बाई, काम लय हाय." माझा विश्वास बसला. का नाही बसणार? शिवणकाम करणाऱ्या बाईला लग्नसराईत काम असतंच. पण शमा, खोटं बोलायची सुरुवात तुझ्याकडून झाली, हे एकदा सांगून ठेवते!

आणि मग तो मंगळवार. सकाळी अकराच्या सुमाराला तुझा आवाज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. अगदी हळू. "बाई, आठवा भाग बघायचं काय जमंल असं वाटत न्हाई. तेवढा शेवट सांगा की. म्हातारी घावती का?"

मला वाटलं दुकानात गिऱ्हाईक असेल म्हणून हळू बोलतेयस. मी काय केलं, तुला माहीतच आहे. एक बोट उगारलेलं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, "नियम तिसरा! स्वतः बघा." वर एक हसरं तोंडसुद्धा टाकलं. तुझा परत आवाज आला, एवढासाच. "बरं बाई. नियम म्हंजी नियम." मी फोन ठेवला आणि कुकर लावला.

नऊ दिवसांनी तुझ्याच नंबरवरून ग्रुपवर मजकूर आला. तू कधी लिहायची नाहीस, म्हणून आधी नवल वाटलं. दस्तगीरभाईंनी लिहिलं होतं. शमाचा इंतकाल झाला, चार महिने आजारी होती, काही चुकलं असेल तर माफ करा. त्याच्या वरचा मजकूर तानाजीचा होता, एका विनोदी सिनेमाचा, भाभींनी जरूर ऐकावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला तेव्हा कळलं की शेवटचे तीन आठवडे तू मिरजेत दवाखान्यात होतीस. मिरजेत! माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. त्या मंगळवारी तू तिथूनच बोलत होतीस. मी रिक्षा केली असती तर आमटीचा डबा गरम असताना तुझ्यापर्यंत पोचले असते. का नाही सांगितलंस गं? एवढी परकी होते का मी? की बघायला यायलाही बाई नियम लावतील असं वाटलं?

दोन महिने हे मनात घेऊन फिरले. एकही पिक्चर धड बघितला नाही. शेवटी काल सकाळी विट्याची एसटी धरली, विट्याला गाडी बदलली आणि मायणीवरून वडूजला उतरले. दस्तगीरभाईंची माफी मागायची होती. तुमच्या बायकोनं मरताना एक गोष्ट मागितली आणि मी बोट दाखवलं, एवढं त्यांच्यासमोर बोलायचं होतं.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. ते तुझ्या मशीनवर बसले होते, कुणाच्या तरी कुर्त्याला टीप मारत. टीप वाकडीतिकडी पडत होती, पण मारत होते. मी नाव सांगितलं तसे ते उठूनच उभे राहिले.

"बाई? सांगलीच्या बाई? या, या, बसा की. आवं, तुमचं उपकार कसं फेडू मी?"

मी म्हटलं, "कसले उपकार?"

"तिला शेवट सांगितलासा तुमी."

ते आपले चहा सांगून आले आणि समोर बसले. म्हणाले, "मिरजेत तिला आवाज सोसत न्हवता. मी म्हटलं, आठवा भाग ऱ्हाऊ दे, घरी गेल्यावर दोघं मिळून बघू. तर म्हणाली, आता बघायची गरज न्हाई, मी बाईंना इचारलं, बाईंनी सगळा सांगितलाय."

"काय सांगितला?" मला विचारल्याशिवाय राहवेना.

"त्योच की. म्हातारा लय फिरतो, पण म्हातारी काय घावत न्हाई. मग एक दिवस त्यो घाटात माघारी येतो, टपरी झाडतो, चूल पेटवतो. पैली गाडी थांबती. त्यो च्या करून देतो. बास, संपलं." दस्तगीरभाई खाली बघत होते. "मी तिच्यावर रागावलो बगा. म्हटलं, ह्यो काय शेवट झाला व्हय? तर म्हणाली, मला काय इचारता, बाईंना इचारा. बाई खोटं बोलत न्हाईत."

मग त्यांनी सांगितलं की चाळिसावा दिवस झाला तरी दुकानाचं शटर वर करायला हात जात नव्हता. पोरगी सासरी परत गेली, पाहुणे गेले, आणि ते नुसते ओट्यावर बसून असायचे. एका सकाळी त्यांना तो म्हातारा आठवला. त्याच दिवशी त्यांनी दुकान उघडलं. शिवायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच तुझ्या मशीनवर बसले.

"बाई," ते म्हणाले, "त्यो शेवट तसाच हाय न्हवं? मी अजून बघितला न्हाई. कवा कवा वाटतं, बघावा."

शमा, मी माफी मागायला गेले होते! मी काहीच सांगितलं नाही तिला, तिनं रचलं हे सगळं, असं म्हणणारच होते. पण तो माणूस माझ्या तोंडाकडं असा बघत होता की बस्स.

मी म्हटलं, "हो. अगदी तसाच आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, मग आता बघून काय करणार?"

"व्हय, ते बी खरंच," ते म्हणाले. तेवढ्यात एक बाई अस्तराचं कापड घेऊन आली आणि ते उठून माप लिहायला गेले.

परत येताना विट्याच्या स्टँडवर बसून मी रडले. लोक बघत होते, बघू देत. तू हे केव्हा रचलंस गं? माझं ते उगारलेलं बोट बघितल्यावर लगेच? की दोन-चार दिवस पडल्या पडल्या जुळवलंस? स्वतःसाठी तुला कुठलाही शेवट घेता आला असता. तू त्यांच्यासाठी घेतलास, आणि त्यांना पटावं म्हणून त्यावर माझं नाव घातलंस. मी तुला नाही म्हटलं आणि तू त्यांच्यापुढं माझी लाज राखलीस. एवढं मोठं मन घेऊन तू आमच्यात होतीस आणि आम्ही तुला मशीन किती वेळा थांबलं एवढंच विचारत बसलो!

खूप वेळ वाटत होतं, माझी चूक म्हणजे शेवट सांगितला नाही ही. पण तेवढीच नाही. इतक्या वर्षांत तू एकदाही कुणाला शेवट विचारला नव्हतास. पुरवून पुरवून खाणारी बाई तू. ती अचानक शेवट का मागते, हे माझ्या मनात आलं नाही, हे मला सहन होत नाही. वर्गात एखादं रोज हात वर करणारं पोर गप्प बसलं तर मी त्याच्या कपाळाला हात लावून बघायचे. तुझं कपाळ अर्ध्या तासावर होतं.

तर ऐक. त्या मंगळवारी विचारलं होतंस, त्याचं उत्तर देते. म्हातारी सापडते, शमा. दूरच्या एका गावात, एका कुटुंबाच्या पडवीत बसलेली असते. तिला काही आठवत नसतं, स्वतःचं नावसुद्धा. म्हातारा तिच्यासमोर बसतो आणि तिला चहा करून देतो. ती एक घोट घेते आणि म्हणते, "साखर कमी झालीया." मग तो तिला घेऊन घरी येतो. एवढं एक वाक्य मी तुला तेव्हा सांगितलं असतं, तर तुझे ते नऊ दिवस ती सापडलेली असती.

दस्तगीरभाईंना मी हे सांगणार नाही. ती मालिका आपल्या यादीतून काढून टाकली आहे आणि तिच्या शेवटाबद्दल ग्रुपवर चकार शब्द काढायचा नाही, असा तानाजीला दम दिला आहे. पण फोन त्यांच्या हातात आहे, एखाद्या शुक्रवारी ते बघतीलच. मग मला फोन करतील. तेव्हा मात्र खरं सांगेन की तो शेवट माझा नव्हता, शमाचा होता, आणि तुमच्यासाठी होता. हे माझं तुला वचन.

आणि अजून एक. तिसरा नियम मी आजच ग्रुपवरून काढला. यापुढं कुणीही मला शेवट विचारला तर मी सांगेन. पण त्याच्या आधी एक विचारीन: "तू आत्ता कुठून बोलतेयस?"

तुझी,
शैलाबाई, सांगली